कीटकभक्षक वनस्पती : उघड्यावरील लागवड (धाराशिव जिल्हा)

पानांच्या साहाय्याने कीटक पकडून त्यांतील नायट्रोजन शोषणाऱ्या वनस्पती. महाराष्ट्रात त्यांचे मुख्यतः दोन वंश रानटी आढळतात : दवबिंदू (ड्रॉसेरा) व सीतेची आसवे (युट्रिक्युलेरिया).

साधने : व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) वनस्पतींवरील ग्रंथ (१९७९) व त्यांचाच मराठवाड्यावरील ग्रंथ (१९९८). पहिल्याच्या वेळी लातूर याच जिल्ह्यात होते (ते १९८२ मध्ये वेगळे झाले), हे स्थळनोंदी वाचताना ध्यानात ठेवावे.

निवड : रोपांच्या जाहिरातींत थंडी सोसण्याची क्षमता ठळकपणे सांगितलेली असते. बालाघाटच्या पठारावर ती कामाची नाही. येथे रोप मारतो तो उन्हाळा. सॅरासेनिया व व्हीनस फ्लायट्रॅप या अमेरिकी वनस्पतींना हिवाळी सुप्तावस्थेसाठी तीन-चार महिने सलग गारवा लागतो. येथील जानेवारीत रात्री गार असल्या तरी दुपारी ऊन तापते. सुप्त रोप फ्रिजमध्ये ठेवण्याच्या उपायाविषयी मतभेद आहेत.

म्हणून वनस्पती उन्हाळा कशी काढते, हीच कसोटी लावावी. गवती दवबिंदू (ड्रॉसेरा इंडिका) व दवबिंदू (ड्रॉसेरा बर्मानी) एका हंगामाच्या आहेत : पावसात उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि वाळतात, उन्हाळा बियांच्या रूपाने निघतो. पहिलीची पाने लांब व दोऱ्यासारखी, खोड उभे. दुसरीची पाने जमिनीलगत चक्राकार. तिच्या कडेचे केस काही सेकंदांत कीटकावर वळतात, या वंशात हा वेग विरळाच. ड्रॉसेरा इंडिका या नावाखालील काही रूपे अलीकडे वेगळ्या जाती मानली जातात. निलगिरी व हिमालयातील ड्रॉसेरा पेल्टाटा ही कंदावर तग धरते.

पाणी : साठवलेले पावसाचेच. बेसाल्टी खडकातील बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. त्याने मुळे जातात. पागोळीचे पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात धरावे. सिमेंटच्या टाकीत चुना उतरतो. पावसाने ओढ दिली की कुंडीखालील ताटलीत बोटभर पाणी ठेवावे.

माध्यम : काळी माती व खत वर्ज्य. धुतलेली गारगोटीची वाळू व पीट. बी जूनमध्ये वरच्यावर भुरभुरावे, झाकू नये.

सीतेची आसवे : कास पठारावरील निळ्या-जांभळ्या फुलांच्या ताटव्यांमुळे परिचित. पाण्यात तरंगणारी, पिवळ्या फुलांची युट्रिक्युलेरिया ऑरिया टबात ठेवता येते. तिला मुळे नसतात, व तिच्या पिशव्या भक्ष्य एक मिलिसेकंदाहूनही कमी वेळात आत ओढतात. सड्यावरची (खडकाळ पठारावरची) रानटी रोपे उपटून आणू नयेत.

रोगकिडी : मावा.

घटपर्णी : मेघालयाची, दमट हवेची, येथे उघड्यावर अयोग्य. संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील साइटीस करारातील परिशिष्ट १ मध्ये समाविष्ट.