रेशनातले गोड

दिवाळीच्या फराळात परक्या पदार्थाला सहसा पाट मिळत नाही. चकलीच्या शेजारी कडबोळे बसते, करंजीला शंकरपाळ्यांची सोबत असते आणि ज्याचा मान त्याला माहीत असतो. गेल्या पाडव्याला मात्र आमच्या घरी एक पाहुणा पदार्थ आला. माझी भाची इंग्लंडात, लेस्टरला असते. पंधरा दिवसांसाठी ती आली होती. "मावशी, आज जेवणानंतरचं गोड माझ्याकडे," असे म्हणून तिने सहा सफरचंदे चिरली, त्यांवर लिंबू पिळले, थोडी साखर आणि दालचिनीची पूड भुरभुरली आणि फोडी एका खोल काचेच्या भांड्यात पसरल्या. मग परातीत मैदा, साखर आणि थंड लोणी घेऊन ती बोटांच्या टोकांनी चोळू लागली.

आई स्टुलावर बसून पाहत होती. म्हणाली, "अगं, हे तर मोहन चोळणं झालं. मूठ वळते का बघ."

भाचीने मूठ वळून दाखवली. ती वळली, आणि अंगठा लावताच मोडली.

"झालं. आता पाणी घाल आणि घट्ट भिजव."

"आजी, पाणी घालायचंच नाही. ह्यात दोन मुठी ओट मिसळायचे आणि हा चुरा असाच वर पसरायचा."

कुणी घर बांधता बांधता विटा तशाच टाकून निघून जावे, तसे आईने त्या भांड्याकडे पाहिले. परंतु भट्टीत १८० अंशांवर पाऊण तास काढून ते भांडे बाहेर आले तेव्हा वरचा चुरा बदामी झाला होता, कडेकडेने फळांचा रस बुडबुडत वर आला होता आणि घरभर असा वास सुटला होता की मुले फटाके टाकून आत आली.

ह्या पदार्थाचे नाव क्रम्बल. क्रम्बल म्हणजे चुरा होणे, भुगा होणे. एखाद्या पदार्थाने आपली मोडतोड नावातच कबूल करावी, ह्याचे मला कौतुक वाटले. मी शाळेत इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की सनावळ्या, करार आणि सेनापती यांच्यापलीकडे मुलांचे लक्ष नेणे कठीण जाते. हा चुरा त्याच युद्धातून आपल्या ताटात आला आहे, असे भाचीने सहज सांगितले आणि मी त्याच्या मागे लागले.

भरल्या घरातला, दुधातुपाचा पदार्थ वाटावा असा तो दिसतो. वस्तुतः त्याला घराघरात नेले ते टंचाईने. युद्धापूर्वी ब्रिटन आपल्या अन्नापैकी निम्म्याहून किती तरी अधिक अन्न समुद्रापलीकडून आणीत असे. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले आणि जर्मन पाणबुड्या त्या जहाजांच्या पाठीस लागल्या. ८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांवर रेशन बसले; पुढे यादी वाढत गेली. युद्धाच्या ऐन काळात मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण ५७ ग्रॅम लोणी, ११३ ग्रॅम मार्गारीन, स्वयंपाकाची आणखी थोडी चरबी आणि २२५ ग्रॅम साखर मिळे. चहा ५७ ग्रॅम आणि अंडे बहुधा एक. आपल्या घरी सणाच्या एका दिवसात जे लोणी कढते, ते तिथे चार माणसांना महिनाभर पुरवायचे होते.

आता इंग्रजांचे जुने लाडके गोड म्हणजे सफरचंदाचा पाय. खाली पारी, वर पारी, मध्ये फळ. आपली करंजीच म्हणा, पण ताटाएवढी. तिला मैद्याच्या निम्म्याने चरबी लागते. पाव किलो मैद्याचा पाय केला तर सव्वाशे ग्रॅम चरबी गेली. म्हणजे एका माणसाच्या आठवड्याच्या वाट्यातील निम्म्याहून अधिक भाग एका पदार्थात संपला. क्रम्बलला खालची पारी नाही. लाटणे नाही, अंडे नाही. चुरा फक्त वर, आणि त्यातही ओट मिसळले की मैदा आणि चरबी दोन्ही वाचतात. साठेक ग्रॅम मार्गारीनमध्ये काम भागते. आईला जे अर्धवट टाकलेले काम वाटले, त्या अर्धवटपणातच त्याची काटकसर होती.

ओटांनी मदत केली त्यालाही कारण आहे. गहू पुष्कळसा जहाजातून येई. ओट घरच्या शेतात, थंड आणि ओल्या हवेत चांगले पिकत. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशात ओटांची व्याख्या करताना स्कॉटिश लोकांना चिमटा काढला होता: इंग्लंडात जे धान्य घोड्यांना घालतात त्यावर तिकडे माणसे पोसतात, अशा अर्थाचा. युद्धाने तो चिमटा परतवला. सरकारच्या अन्नखात्याने इंग्लिश गृहिणीलाही ओट खायला शिकवले. त्या खात्याचे मंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या, भाज्या भरलेल्या बिनमांसाच्या पायमध्येसुद्धा चमचाभर ओटाचे पीठ असे. १९४० च्या जूनपासून बीबीसीवर रोज सकाळी स्वयंपाकघरासाठी कार्यक्रम लागे आणि आहे त्यात काय करावे ते सांगे.

आपल्याकडे अलीकडे ओट डब्यातून येतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खाल्ले जातात, म्हणून ते फार परके वाटतात. पण त्यांची घडण पाहा. ओटाच्या दाण्यात गव्हापेक्षा स्निग्धांश अधिक. तो तसाच ठेवला तर खवट होतो. म्हणून टरफल काढल्यावर दाणा वाफवतात आणि मग रुळांखाली चेपतात. भात भिजवून, भाजून आपण चेपतो तेव्हा पोहे होतात. ओट हे त्यांच्याकडचे पोहेच. भट्टीत ते खरपूस होतात आणि त्यांत गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे चुरा वातड होत नाही.

सफरचंदांचा प्रश्न फारसा नव्हता. ताज्या फळांवर रेशन नव्हते. १९४० च्या अखेरीस केळ्यांची आयात थांबली आणि कित्येक मुलांनी केळे पाहिले ते युद्ध संपल्यावर. पण परसातले सफरचंद, कुंपणावरची काळी बोरे आणि रूबार्बचे आंबट दांडे घरचेच होते. त्यांचे शिजवायचे खास सफरचंद म्हणजे ब्रॅम्ली. १८०९ च्या सुमारास साउथवेल गावी एका मुलीने पेरलेल्या बीपासून त्याचे मूळ झाड वाढले. पुढे ते घर ज्या खाटकाने विकत घेतले त्याचे नाव फळाला मिळाले. मुलीचे नाव, मेरी ॲन ब्रेल्सफर्ड, मागे राहिले. हे फळ कच्चे खाल्ले तर दात आंबतात. शिजले की फेसासारखे मऊ होते. वर ओतायचे पिवळे कस्टर्डही बिनअंड्याचे. ती पूड बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे. शंभर वर्षांनी ती साऱ्या देशाच्या उपयोगी पडली.

आता शिक्षिकेच्या धर्माला जागून एक सांगायला हवे. क्रम्बल युद्धानेच जन्माला घातले, असे सर्रास म्हणतात. ते पुरते खरे नाही. फळांवर पावाचा चुरा घालून भाजण्याची रीत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून होती, सफरचंदाच्या 'क्रिस्प'ची कृती तिथे १९२४ साली छापली गेली होती आणि जर्मन लोक केकवर असाच चुरा त्याहून आधीपासून पसरत होते. युद्धाने त्याला जन्म दिला नाही, घर दिले. शेवटचे रेशन ४ जुलै १९५४ रोजी उठले. टंचाईतले अनेक पदार्थ लोकांनी त्या दिवशी आनंदाने टाकून दिले. हा राहिला.

तो का राहिला, ह्याचा मी विचार करते तेव्हा मला चवीइतकेच दुसरे काही आठवते. त्या टंचाईला एक शिस्त होती. रेशनची पुस्तके राजवाड्यालाही होती. १९४२ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट बकिंगहॅम राजवाड्यात उतरल्या, तेव्हा ताटे सोन्याचांदीची होती आणि आतले अन्न साऱ्या लंडनचेच. काळाबाजार तिथेही होता. पैसेवाले उपाहारगृहात जाऊन वरचा घास खातही होते. तथापि तान्ह्या मुलांना दूध, संत्र्याचा रस आणि कॉड माशाचे तेल आधी, हे ठरलेले होते. युद्ध संपताना तिथले बालमृत्यू युद्धापूर्वीपेक्षा कमी झाले होते. कमी अन्न नीट वाटले, तर ते पुरते.

आणि त्याच सरकारच्या छत्राखाली, १९४३ साली, बंगाल उपाशी मेला. जपानने ब्रह्मदेश घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ थांबला होता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या सरकारनेच काढून घेतल्या होत्या. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरवर वादळ आले. तांदळाचे भाव शेतमजुराच्या, कोळ्याच्या आवाक्याबाहेर गेले. धान्याची जहाजे मागणाऱ्या तारा लंडनला गेल्या; आले ते मागणीच्या मानाने फार थोडे. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की अन्न मुळीच नव्हते असे नाही, ते घेण्याची ऐपत गरिबांच्या हाती उरली नव्हती. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. कलकत्त्यात शिस्तीचे रेशन सुरू झाले ते १९४४ च्या जानेवारीअखेर. ज्यांना ते हवे होते त्यांपैकी किती तरी जण तोवर गेले होते. वाटपाची विद्या लंडनला अवगत होती. ती तिथल्या स्वयंपाकघरापर्यंतच पोहोचली.

मुंबईला १९४३ मध्येच रेशन आले. माझी आजी तेव्हा गिरगावात तेरा वर्षांची होती. पिशवी घेऊन रांगेत उभे राहण्याचे काम तिचे. तांदूळ खड्यांचा, मोजका. ती पुढे म्हणायची, "कमी होतं गं, पण शेजारीही तेवढंच होतं. म्हणून झोंबलं नाही."

पाडव्याच्या रात्री ते भांडे पाटावर आले तेव्हा आम्ही नऊ जण होतो. मुलांनी वरच्या खरपूस चुऱ्यावर डोळा ठेवला होता; चमचे सरसावले होते. आईने भाचीच्या हातातून मोठा चमचा काढून घेतला आणि आधी चुऱ्यावर रेघा ओढल्या. प्रत्येक वाट्यात कडेचा तुकडा येईल अशा बेताने. मी मोजले, वाटे दहा होते.

"आई, आपण नऊच आहोत."

"सकाळी भांड्यांना येते तिची मुलगी आहे ना," आई म्हणाली आणि दहावा वाटा वाटीत काढून तिने वर ताटली झाकली. "तिच्या वाटीत नुसतं फळ नको. चुरा पण घातलाय."