कायदा एक, घरे चार

वाचकहो, पाऊस पडतो तेव्हा तो साऱ्या शिवारावर सारखाच पडतो. पण काळ्या रानात तो मुरतो, आणि बरड माळावरून तोच वाहून जातो. सरकारी कायद्याचेही तसेच आहे. कायदा सर्वांना एकच असतो. पण तो कोणाच्या घरात मुरला आणि कोणाच्या दारावरून वाहून गेला, हे पाहणे इतिहासाचे काम आहे. आज आपण आपल्याच मुलखातील अशा एका कायद्याची गोष्ट पाहू. तो म्हणजे हैदराबादचा १९५० सालचा कूळ कायदा.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, तर परतूर परभणीकडे होते. आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात जमिनीचे ढोबळमानाने तीन भाग होते. दिवाणी किंवा खालसा गावांचा सारा सरकारी खजिन्यात जाई, सर्फेखास गावांचा खुद्द निजामाच्या खासगीत, आणि जहागिरी गावांचा जहागीरदाराकडे. जमीन कसणारा मात्र तिन्हीकडे तोच होता. ढेकळे फोडणारा आणि पावसाकडे डोळे लावून बसणारा.

१९४९ साली आधी सर्फेखास खालशात मिळवले गेले आणि ऑगस्टमध्ये जहागिरी बरखास्त झाल्या. त्यानंतर १० जून १९५० रोजी कूळ कायदा अमलात आला. त्याचे सूत्र सोपे होते. ठरवून दिलेल्या मुदतीत ज्याने सलग सहा वर्षे दुसऱ्याची जमीन कुळ म्हणून कसली, तो 'संरक्षित कूळ'. त्याला मनास येईल तेव्हा काढून टाकता येणार नाही, त्याच्याकडून वाटेल तेवढा खंड घेता येणार नाही, आणि जमीन विकत घेण्याचा हक्कही त्याला राहील. १९५४ च्या दुरुस्तीने तर सरकारी घोषणेने जमिनीची मालकीच अशा कुळाकडे जाण्याची तरतूद झाली. त्या काळच्या हिंदुस्थानात हा कायदा पुढारलेला गणला जात असे.

आता एक गाव डोळ्यांपुढे आणा. नाव नको, गोदाकाठचे म्हणा, नाहीतर पूर्णेच्या खोऱ्यातले म्हणा. त्या गावातल्या चार घरांत आपण डोकावू.

पहिले घर मोठ्या जमीनदाराचे. त्याच्याकडे सनदा होत्या, वकील होता, तहसिलीत ओळख होती. कायद्याची बातमी त्यालाच आधी लागली. जमीन घरच्या माणसांच्या नावे वाटून टाकणे, कुळाची नोंद होण्याआधीच त्याला दुसऱ्या रानात हलवणे, 'मी स्वतः कसणार' म्हणून अर्ज करणे, या वाटा त्याला ठाऊक होत्या. त्याचे काहीच गेले नाही असे नाही. पण जे गेले ते बेताने गेले.

दुसरे घर संरक्षित कुळाचे. १९५१ च्या सुमारास कुळांची रजिस्टरे तयार झाली आणि त्यात याचे नाव चढले. यानंतर काय झाले? उस्मानिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ अ. मो. खुस्रो यांनी पूर्वीच्या जहागिरी भागात याची पाहणी केली आणि ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातले आकडे शांतपणे वाचा. १९५१ साली नोंदलेल्या दर १०० संरक्षित कुळांपैकी तीन-चार वर्षांनी सुमारे ४५ कुळे त्याच नात्याने जमिनीवर उरली होती. सुमारे १२ मालक झाली. कायद्याच्या मार्गाने निघालेली दोन-तीनच. पण सुमारे २२ बेकायदा हुसकली गेली, आणि सुमारे १७ जणांनी 'खुशीने' जमीन सोडली होती.

ही खुशी कसली, बरे? आपल्याकडे तिला राजीनामा म्हणत. पेरणीला बियाणे मालकाकडून, आषाढात खायला ज्वारी मालकाकडून, लेकीच्या लग्नाला उचल मालकाकडून. असा माणूस मालकाविरुद्ध तहसिलीत उभा राहणार कसा? शिवाय संस्थानी दप्तर उर्दूत. कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला दुसऱ्यानेच सांगायचे. कायद्याने हक्क दिला होता. पण तो धरून ठेवायला लागणारे बळ कायद्याच्या पुस्तकातून येत नाही.

तिसरे घर विधवेचे. पदरी लहान मुले, दहा-बारा एकर कोरडवाहू. तिला स्वतः नांगर धरणे अवघड, म्हणून जमीन बटईने दिलेली. कागदावर ती 'मालक' आणि कसणारा 'कूळ'. पण दोघांत दुबळे कोण, ते तुम्हीच सांगा. कायदा करणाऱ्यांना याची जाणीव होती. स्त्रिया, अज्ञान मुले आणि अपंग यांना जमीन कुळाला लावण्याची सवलत त्यांनी ठेवली. म्हणजे धोरण आखताना 'मालक तेवढा थोर आणि कूळ तेवढे गरीब' असे दोनच रकाने पुरत नाहीत.

चौथे घर गावकुसाबाहेरचे. तो कूळ नव्हताच. तो सालदार, नाहीतर रोजंदारीचा मजूर. 'कसेल त्याची जमीन' हा शब्द त्याच्या कानी आला, पण कायद्याच्या भाषेत तो 'कसणारा' ठरला नाही. कारण औत जरी त्याच्या हाती होते, तरी खंडाचा करार त्याच्या नावे नव्हता. म्हणून त्याने गायरानाकडे पाहिले. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९६४ साली तो देशभर झाला. पुढे १९७८ आणि १९९१ साली सरकारने निर्णय काढून गायरानावरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. कूळ कायद्यानंतर किती वर्षांनी, ते मोजून पाहा.

या गोष्टीवरून कायदा व्यर्थ होता असे मात्र समजू नका. शंभरातल्या बारांना मालकी मिळाली, पंचेचाळीस जागेवर टिकले. त्यांची पतवंडे आज शाळेत आहेत, कदाचित तुमच्याच वर्गात. पण जे सुटले ते का सुटले, हे विचारल्याशिवाय पुढचे धोरण शहाणे होत नाही.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. आजही पीक बुडाले की मदतीसाठी आधी सातबारा पाहिला जातो. तोंडी बटईने रान करणाऱ्याचे नाव त्यावर नसते. शेतात राबणाऱ्या बाईचेही बहुधा नसते. कर्ज त्यांच्या डोक्यावर, आणि नाव दुसऱ्याचे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलांना एक साधा अभ्यास द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यायला सांगा: आपले पणजोबा कोणाचे रान कसत होते, आणि कागदावर नाव कोणाचे होते? एखाद्या घरी १९५४ च्या खासरा पत्रकाची नक्कल ट्रंकेच्या तळाशी सापडेल, एखाद्या घरी नुसती आठवण सापडेल. दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. एकाच कायद्याने एकाच गावात किती निरनिराळी घरे घडवली, ते मुलांना मग वेगळे सांगावे लागणार नाही.