तीनदा नागरिक
नागरिकत्वाची शपथ घेताना मला भगतसिंग थिंद आठवले. १९१८ साली ते अमेरिकन लष्करात भरती झाले. त्याच डिसेंबरात गणवेशातच नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत काढूनही घेतले गेले! १९२० साली ऑरेगनच्या न्यायालयाने ते पुन्हा दिले. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने थिंद ‘गोरे’ नाहीत असे ठरवले आणि तेही गेले. पाठोपाठ इतर अनेक हिंदी लोकांचेही गेले. १९३५ च्या कायद्याने पहिल्या महायुद्धातील सैनिकांपुरती वंशाची अट उठली, तेव्हा १९३६ साली थिंद तिसऱ्यांदा नागरिक झाले.

१९९६ च्या कायद्याने हद्दपारीचे गुन्हे वाढले. त्यात ग्रीनकार्डावरचे माजी सैनिकही सापडले. तेव्हा मंडळी, मुले सैन्यात असतील तर लक्षात ठेवा : नुसत्या गणवेशाने नागरिकत्व मिळत नाही, अर्ज करावाच लागतो.