प्रणालीबदल आणि मराठी मजकूर

संगणकाची कार्यकारी प्रणाली नव्या आवृत्तीवर नेणे (अपडेट) किंवा ती सोडून दुसरी घेणे म्हणजे प्रणालीबदल. बटणे जागा सोडतात, प्रिंटर ओळख विसरतो, या तक्रारी सगळीकडच्याच. मराठीत काम करणाऱ्याला मात्र त्याहून मोठा फटका बसतो : काल लिहिलेले आज वाचता येत नाही.

याचे मूळ फॉन्टमध्ये आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत 1991 मध्ये भारतीय मानक (आयएस 13194) झाला, पण छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत चालले ते रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट. मोताळा तालुक्यातील (जि. बुलढाणा) रोहिणखेडचे नाव कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये टाइप केले, तर फाइलीत साठते ते असे : जे, के, एस, एफ, जी, पूर्णविराम, के, उघडा चौकटी कंस, के, एस, एम. यातला एफ म्हणजे वेलांटी, आणि टाइपरायटरच्या सवयीने ती ‘ह’च्या आधी येते. नव्या संगणकात तो फॉन्ट टाकायचा राहिला की गावाच्या नावाऐवजी हीच रोमन भेळ पडद्यावर उमटते. काही मराठी सॉफ्टवेअरना हार्डवेअर लॉक (डोंगल) लागे. 64-बिट विंडोजने जुने 16-बिट प्रोग्रॅम चालवणे थांबवले आणि लॉकचे जुने ड्रायव्हर नाकारले. लग्नपत्रिकांच्या छापखान्यात कोपऱ्यातला विंडोज एक्सपीचा संगणक पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी राखून ठेवतात तो यामुळे. त्याला कंजुषी म्हणणे अन्यायाचे.

जगभरच्या लिप्यांना एकच संकेत देणाऱ्या युनिकोडची देवनागरी विंडोजमध्ये 2000 सालच्या आवृत्तीपासून मंगल फॉन्टसह आली. एक्सपीत ती सीडीवरून वेगळी चालू करावी लागे. व्हिस्टापासून (2007) आपोआप मिळू लागली. केंद्र सरकारने 2009 मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले. अपडेट म्हणजे नुसता जाच, असेही नाही. रुपयाचे चिन्ह जुलै 2010 मध्ये मंजूर झाले, ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या 6.0 आवृत्तीत आले आणि विंडोज 7 ला अपडेटमधूनच मिळाले. तोवर ज्यांनी खास रुपया-फॉन्ट वापरला, त्यांच्या बिलांवर दुसऱ्या संगणकात रुपयाऐवजी बॅकटिक (`) दिसे.

जुन्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतात, पण मराठीची खरी परीक्षा ‘ऱ्य’ला होते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत दरी आणि समुद्राइतका फरक. युनिकोडमध्ये हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवता येते : नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. शोध घेताना मात्र एक टाइप केले तर दुसरे सापडेलच असे नाही. ‘शेतकऱ्याचे नाव’ यादीत असून नाही असे तेव्हा वाटते.

अपडेट करणेही गावाकडे अडचणीचे. काही जीबींचा डाउनलोड मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, मध्येच वीज गेली आणि यूपीएस नसला तर संगणक अर्धवट अवस्थेत अडकतो. जोडणी ‘मीटर्ड’ ठरवली की विंडोज आपण होऊन बहुतेक मोठे डाउनलोड टाळते, ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते.

विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे चालते संगणकही अधिकृत अपडेटला मुकले. अशांसाठी लिनक्स हा मार्ग आहे; सी-डॅकने बॉस नावाची भारतीय आवृत्ती 2007 मध्येच काढली. लोहित फॉन्टने मराठी तिथे नीट दिसते आणि इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींत जवळजवळ सारखाच असल्याने बोटांना नव्याने शिकावे लागत नाही. टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर हात बसलेल्यांना ही सवलत नाही. तो आराखडा बहुतेक ठिकाणी वेगळा मिळवून बसवावा लागतो, आणि डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधीच पाहून घ्यावे लागते.