परम ते अर्का: पुण्याने मोजलेला वेग

नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान संगणकांची यादी निघाली, तेव्हा चौथ्या क्रमांकावर पुण्याचा संगणक होता. टाटा समूहाच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला ‘एका’. आशियात तो पहिला आला. कागदावर त्याची क्षमता १७०.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला जवळपास १७१ लाख कोटी आकडेमोडी. चाचणीत हाती आल्या ११७.९.

ही चाचणी लिनपॅकची, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या एका प्रोग्रामसंचाची. जॅक डोंगारा आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लिनपॅकच्या पुस्तिकेला एक तक्ता जोडला: समीकरणांचा एकच संच सोडवायला कोणत्या यंत्राला किती वेळ लागतो. त्यातूनच १९९३ मध्ये पाचशेंची यादी सुरू झाली. गणित सर्वांना सारखे, यंत्रे वेगळी. तुलनेचा पाया इतका साधा आहे.

पुण्याला मात्र ही तुलना साधी वाटण्याची सोय नव्हती. अमेरिका क्रे महासंगणक द्यायला तयार होईना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. क्रेचे बळ मोजक्या पण अतिवेगवान प्रोसेसरांत होते. परममध्ये इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडलेले. अशा यंत्रावर जुना प्रोग्राम तसाच चढवून चालत नाही. काम तुकड्यांत वाटावे लागते, आणि वाटणी फसली तर निम्मे प्रोसेसर नुसते वाट पाहत बसतात. त्यामुळे प्रत्येक प्रोसेसरच्या वेगाची बेरीज करून यंत्राची किंमत ठरवणे फसवे ठरते. सीडॅकचाच ‘परम पद्म’ २००३ मध्ये यादीत १७१वा आला, तेव्हा कागदावरचे ९९२ गिगाफ्लॉप्स चाचणीत ५३२ भरले होते.

पण लिनपॅकलाही मर्यादा आहे, आणि ती हवामानाच्या कामात उघडी पडते. तिथे नकाशाचे चौकोन पाडून गणित होते, आणि प्रोसेसरचा बराच वेळ स्मृतीतून आकडे आणण्यात आणि शेजारच्या चौकोनांशी देवाणघेवाण करण्यात जातो. शिवाय चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, काळाचे टप्पेही निम्म्या लांबीचे करावे लागतात. काम साधारण आठपट वाढते.

म्हणूनच पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतली तुलना जास्त बोलकी आहे. २०१८ मध्ये तिथे ‘प्रत्युष’ आला, तोही क्रेचाच. क्षमता ४ पेटाफ्लॉप्स. २०२४ मध्ये आलेल्या ‘अर्का’ची ११.७७, म्हणजे जवळजवळ तिप्पट. हवामानाचे जे प्रारूप चालवायला प्रत्युषला दहा तासांपर्यंत लागत, ते अर्कावर चार तासांवर आले. तिप्पट यंत्र, अडीचपट वेग. यादीतल्या क्रमांकापेक्षा हे गुणोत्तर ठळकपणे छापले जायला हवे, कारण प्रत्यक्ष कामात काय पदरात पडले ते त्यातून कळते.

त्याच अर्कावर २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ देशाला अर्पण झाली आणि १२ किलोमीटरचा चौकोन ६ किलोमीटरवर आला. आधीच्या चौकोनात शिरूर तालुक्यातली शिक्रापूर, सणसवाडी आणि कोरेगाव भीमा ही गावे एकत्र मावू शकत. या तालुक्यात वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, आणि तेव्हा काढलेला कांदा उघड्यावर असतो. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवरचे गणित, ती गोळा होण्याचा वेळ सोडला तरी, दहा तासांनी संपले तर दुपारचे साडेतीन वाजतात. चार तासांत संपले तर सकाळचे साडेनऊ.