चिलीतील 'एन्लासेस' : शालेय संगणकजालाच्या एका राष्ट्रीय प्रयोगाचा इतिहास

प्रस्तावना

देशातील शाळांना संगणकजालाने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनांचा इतिहास बहुधा संपन्न राष्ट्रांच्या उदाहरणांवरून सांगितला जातो. कॅनडाचे 'स्कूलनेट' १९९३ मध्ये सुरू झाले आणि ब्रिटनचे 'नॅशनल ग्रिड फॉर लर्निंग' १९९८ मध्ये. शैक्षणिक तंत्रविज्ञानावरील ग्रंथांतून या दोहोंचा उल्लेख हमखास आढळतो. परंतु दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाने या दोहोंच्याही आधी, १९९२ मध्ये, 'एन्लासेस' या नावाचा प्रकल्प हाती घेतला होता. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'दुवे' असा होतो. तो प्रकल्प राजधानीत फार काळ रमला नाही. देशातील सर्वांत दरिद्री प्रांतातील एका तरुण विद्यापीठात तो वाढला आणि तेथून देशभर पसरला. हे जाळे कोणाच्या हाती होते आणि त्याचा त्याच्या स्वरूपावर काय परिणाम झाला, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

एन्लासेसचा विचार चिलीतील राजकीय स्थित्यंतरापासून वेगळा करता येत नाही. १९७३ ते १९९० या काळात तेथे जनरल पिनोशे यांची लष्करी राजवट होती. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी या राजवटीने सरकारी शाळा नगरपालिकांकडे सोपविल्या, विद्यार्थ्यांच्या हजेरीच्या प्रमाणात अनुदान देण्याची पद्धती आणली आणि तेच अनुदान खासगी शाळांनाही खुले केले. परिणामी शाळांचे तीन थर तयार झाले : नगरपालिकेच्या, खासगी अनुदानित आणि पूर्ण शुल्क आकारणाऱ्या खासगी. शिक्षकांचा सरकारी सेवकाचा दर्जा गेला आणि त्यांचे वास्तव वेतनही दशकभर घसरत राहिले.

मार्च १९९० मध्ये पात्रिसिओ आयल्विन यांचे लोकनियुक्त सरकार आले. रिकार्डो लागोस हे शिक्षणमंत्री झाले (पुढे २००० ते २००६ या काळात ते राष्ट्राध्यक्ष होते). नव्या सरकारने अनुदानाची मूळ रचना मोडली नाही. त्याऐवजी दुर्बल शाळांकडे अधिक साधने वळविण्याचे धोरण स्वीकारले. १९९० मध्ये सर्वांत मागासलेल्या नऊशे शाळांसाठी विशेष कार्यक्रम सुरू झाला, १९९१ मध्ये शिक्षकांच्या सेवाशर्तींना पुन्हा कायद्याचे संरक्षण मिळाले आणि १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने शिक्षणाची गुणवत्ता व समता सुधारण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. एन्लासेस हे या कार्यक्रमातील एक लहानसे, चाचणीवजा अंग होते. आरंभीचे उद्दिष्टही माफक होते : काही वर्षांत शंभर शाळा जोडाव्यात, अनुभव तपासावा आणि मगच पुढचा विचार करावा.

तेमुकोची निवड

प्रकल्पाचा प्रारंभ सान्तियागोमध्ये, तेथील कॅथॉलिक विद्यापीठात, बारा शाळांना घेऊन झाला. त्याचे प्रमुख होते संगणकशास्त्रज्ञ पेद्रो हेप. तथापि लवकरच, १९९३ मध्ये, प्रकल्पाचे केंद्र राजधानीपासून सुमारे पावणेसातशे किलोमीटर दक्षिणेस असलेल्या तेमुको येथील ला फ्रोंतेरा विद्यापीठात हलविण्यात आले. हा निर्णय या संपूर्ण इतिहासातील कळीचा निर्णय होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तेमुको हे आराउकानिया प्रांताचे मुख्य ठिकाण. मापुचे या मूळनिवासी समाजाची मोठी वस्ती येथे आहे. दारिद्र्याचे प्रमाण अधिक, वस्त्या विखुरलेल्या आणि अनेक शाळा एक, दोन किंवा तीन शिक्षकी. कित्येक ठिकाणी वीज आणि दूरध्वनी यांचीही वानवा होती. पाब्लो नेरुदा यांचे बालपण याच गावात गेले आणि १९२० मध्ये गाब्रिएला मिस्त्राल येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नोबेल पारितोषिकाच्या दोन मानकऱ्यांचा शालेय जीवनाशी असा संबंध आलेले दुसरे आडवळणाचे गाव सहसा सापडणार नाही. ला फ्रोंतेरा विद्यापीठ मात्र जुने नव्हते. लष्करी राजवटीने राष्ट्रीय विद्यापीठांचे विभाजन केले, तेव्हा त्यांच्या तेमुको येथील शाखा एकत्र करून १९८१ मध्ये ते स्थापन झाले होते. मोडतोडीतून जन्मलेल्या संस्थेने दशकभरातच देश जोडण्याचे काम अंगावर घेतले, हा इतिहासातील एक उपरोधच म्हणावा लागेल.

या स्थलांतरामागील विचार सरळ होता. राजधानीतील सुस्थितीतल्या शाळांत यशस्वी झालेली योजना दुर्गम भागात कोसळू शकते. उलट आराउकानियातील शाळेत जी टिकेल, ती कोठेही टिकेल. आपल्याकडील अनुभव येथे आठवतो. भारतात १९८४ मध्ये 'क्लास' प्रकल्पाद्वारे ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक निवडक माध्यमिक शाळांत पोहोचले आणि १९८६ पासून 'अर्नेट' या जाळ्याने आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांना जोडण्यास आरंभ केला. शाळांतील यंत्रे आणि उच्च संस्थांमधील जाळे हे दोन प्रवाह परस्परांना मिळाले नाहीत. चिलीत विद्यापीठ आणि शाळा एकाच योजनेत होत्या.

'ला प्लासा'

१९९२ मध्ये चिली इंटरनेटशी जोडला गेला असला, तरी वर्ल्ड वाइड वेब अद्याप शाळांच्या आवाक्यात आले नव्हते. ज्या शिक्षकाने संगणक पाहिलेला नाही, त्याला जाळे म्हणजे काय हे कसे समजवावे? यावर या गटाने जे उत्तर शोधले ते आजही मनोवेधक वाटते. मॅकिन्टॉश संगणकांसाठी त्यांनी 'ला प्लासा' ही आज्ञावली तयार केली. पडद्यावर गावातील चौकाचे चित्र दिसे. स्पॅनिश वसाहतकाळापासून लॅटिन अमेरिकेतील प्रत्येक गाव अशा चौकाभोवती वसलेले असते. आपल्याकडील चावडी, पार आणि बाजारपेठ यांचा तो जणू संगम. चित्रात चार वास्तू होत्या. टपाल कचेरीत शिरले की पत्रव्यवहार करता येई. वर्तमानपत्रांच्या टपरीत बातम्या मिळत. संग्रहालयात शैक्षणिक आज्ञावली ठेवलेल्या असत, आणि सांस्कृतिक केंद्रात निरनिराळ्या शाळांतील मुले व शिक्षक एकत्र येऊन उपक्रम करीत.

या चित्राकडे केवळ सोपेपणाची युक्ती म्हणून पाहणे अपुरे ठरेल. चौकात जो येतो तो ऐकतोही आणि बोलतोही. एकशिक्षकी शाळेतील एकाकी शिक्षकाला समव्यवसायी मिळवून देणे हे या जाळ्याचे पहिले काम होते; पाठ्यसामग्रीचा पुरवठा त्यानंतरचा. शिक्षकांचे प्रशिक्षणही याच वृत्तीने आखले गेले. प्रत्येक शाळेतील वीस शिक्षकांपर्यंत, दोन वर्षे, आणि तेही शक्यतो त्यांच्याच शाळेत जाऊन प्रशिक्षण दिले जाई. दशकभर अवमानित झालेल्या शिक्षकवर्गासाठी ही बाब तांत्रिक नव्हती. शासन त्यांच्या दारात तपासणीस म्हणून न येता सोबती म्हणून आले होते.

राष्ट्रव्यापी विस्तार

१९९५ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय स्वरूप देण्यात आले. २००० सालापर्यंत सर्व अनुदानप्राप्त माध्यमिक शाळा आणि निम्म्या प्राथमिक शाळा जोडण्याचे लक्ष्य ठरले. चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या या चिंचोळ्या देशात हे काम एका मंत्रालयाच्या आवाक्यातले नव्हते. देशाचे सहा विभाग करून प्रत्येकाची जबाबदारी एकेका विद्यापीठाकडे देण्यात आली आणि त्यांच्या जोडीला इतर विद्यापीठे घेण्यात आली. एकूण वीसहून अधिक विद्यापीठे या कामात गुंतली. त्यांतील अध्यापक व प्रशिक्षक शाळांत जात, यंत्रे बसविल्यानंतरच्या अडचणी सोडवीत आणि शिक्षकांना शिकवीत.

१९९८ मध्ये सीटीसी या दूरध्वनी कंपनीशी करार होऊन शाळांना दहा वर्षांसाठी विनामूल्य जोडणी मिळाली. नव्या सहस्रकाच्या आरंभी ग्रामीण शाळांसाठी स्वतंत्र योजना आखण्यात आली. तिचा आधार होता ग्रामीण शिक्षकांची 'मिक्रोसेन्त्रो' म्हणून ओळखली जाणारी मासिक मंडळे. शेजारपाजारच्या शाळांतील शिक्षक महिन्यातून एकदा जमत, त्याच बैठकीत विद्यापीठाचा मार्गदर्शक येई. या शाळांत संगणकासाठी वेगळी खोली केली नाही, तो वर्गातच ठेवण्यात आला. २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनुदानप्राप्त शाळांतील नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांपर्यंत ही योजना पोहोचली होती. नगरपालिकेच्या शाळेतील मुलाला संगणक आणि जोडणी प्रथमच मिळाली, ती बहुधा याच योजनेतून.

चौकाकडून संकेतस्थळाकडे

यशाबरोबर जाळ्याचे स्वरूप बदलत गेले. विंडोज संगणक व वेब यांचा प्रसार झाल्यावर 'ला प्लासा' कालबाह्य ठरली. २००१ मध्ये शिक्षण मंत्रालय आणि 'फुन्दासिओन चिली' या संस्थेने 'एदुकारचिले' हे शैक्षणिक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर पाठ, चाचण्या आणि शिक्षकांसाठी विपुल साहित्य उपलब्ध झाले. त्याची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु चौकात येणारा शिक्षक बोलणारा होता. संकेतस्थळावर येणारा शिक्षक प्रामुख्याने घेणारा झाला. २००५ मध्ये एन्लासेसचे रूपांतर मंत्रालयाच्या 'शिक्षण व तंत्रविज्ञान केंद्रा'त झाले. २००७ च्या नव्या आराखड्यात दर दहा विद्यार्थ्यांमागे एक संगणक हे २०१० पर्यंतचे ध्येय ठेवण्यात आले. ध्येय आता यंत्रांच्या संख्येत मांडले जाऊ लागले, आणि विद्यापीठांचे स्थान भागीदाराकडून सेवा पुरविणाऱ्या संस्थेकडे सरकले.

वर्गातील अध्यापन मात्र अपेक्षेइतके बदलले नाही. ही गोष्ट प्रकल्पाच्या उभारणीत सहभागी असलेल्या संशोधकांनीच आपल्या लेखनातून मान्य केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. शिक्षक संगणकाचा वापर पाठाची तयारी व कार्यालयीन कामे यांसाठी अधिक करीत. २०११ मध्ये माध्यमिक स्तरावरील दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची माहिती-तंत्रविज्ञानविषयक कौशल्यांची राष्ट्रीय चाचणी घेण्यात आली. तीत जवळजवळ निम्मे विद्यार्थी प्रारंभिक पातळीवर आढळले आणि प्रगत पातळी गाठणारे शेकडा सुमारे तीनच होते. शिवाय सामाजिक स्तरांनुसार गुणांत मोठी तफावत होती. शाळांचे थर तसेच राहिले असताना त्या शाळांतील यंत्रे समान झाल्याने मुलांचे ज्ञान समान होईल, ही अपेक्षा मुळातच धाडसी होती.

या विषमतेविरुद्धचा मोठा आवाज २००६ मध्ये उठला, तो विद्यार्थ्यांचाच. गणवेशावरून 'पेंग्विन' म्हणून ओळखल्या गेलेल्या माध्यमिक विद्यार्थ्यांनी देशभर शाळा ताब्यात घेतल्या आणि लष्करी राजवटीच्या अखेरच्या दिवसांत झालेला शिक्षणविषयक मूलभूत कायदा रद्द करण्याची मागणी केली. एन्लासेसच्या काळात शिकलेली ही पिढी. त्यांनी परस्परांशी संपर्क साधला तो भ्रमणध्वनीवरील संदेश व 'फोटोलॉग'सारख्या माध्यमांतून. शासनाने बांधलेल्या जाळ्याच्या बाहेर मुलांनी आपला चौक शोधला होता. २००९ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला.

२०१८ मध्ये एन्लासेस हे नाव मागे पडून मंत्रालयाचे 'नवोपक्रम केंद्र' अस्तित्वात आले. दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महामारीमुळे शाळा बंद झाल्या. मंत्रालयाने ऑनलाइन शिक्षणासाठी स्वतंत्र व्यासपीठ तातडीने खुले केले. परंतु तीन दशकांत जोडणी शाळेपर्यंत आली होती. आराउकानियातील आणि इतर ग्रामीण भागांतील अनेक घरांपर्यंत ती गेलेली नव्हती. एप्रिलमध्ये दूरचित्रवाणीवर शैक्षणिक वाहिनी सुरू करावी लागली, आणि ग्रामीण भागातील शिक्षक छापील स्वाध्यायपुस्तिका घेऊन मुलांच्या घरोघरी गेले.