चालते गांधी, बसवलेले गांधी

गांधीजींच्या प्रतिमेबद्दल आपल्याकडे एक मत इतके रुजले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. थोर कलावंतांना गांधी कळले, बाजाराने मात्र त्यांना स्वस्त केले, असे ते मत. कॅलेंडरवरचे देवपण, चौकातले पुतळे, नोटेवरचे हसू आणि शेवटी ‘लगे रहो मुन्नाभाई’तली गांधीगिरी, ही सगळी एकाच घसरणीची रूपे मानली जातात. या मतामागची आस्था खरी आहे. पण त्यात आरोपी चुकीचा धरला आहे.

गांधीजींची सोपी प्रतिमा बाजाराने घडवलेली नाही, ती त्यांनी स्वतः घडवली. सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईत त्यांनी सदरा आणि टोपी सोडली आणि आखूड पंचा पत्करला. 1931 साली बकिंगहॅम राजवाड्यात राजाला भेटायला ते त्याच वेशात गेले. पंचा, काठी, चष्मा, वहाणा. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ओळखता यावी आणि कुणालाही काढता यावी अशी ही आकृती होती. सोपेपणा हा तिचा दोष नव्हे. ते तिचे राजकारण होते.

थोर कला आणि बाजार यांच्यात घातलेली भिंतही टिकत नाही. गांधीजींचे सर्वांत श्रेष्ठ चित्र म्हणून नंदलाल बोस यांचे 1930 चे दांडीयात्रेचे चित्र दाखवले जाते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, हातात काठी, पुढे पडलेले पाऊल. पण ते लिनोलियम कोरून छापलेले चित्र आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा छापता येणाऱ्या, स्वस्त माध्यमातले. याच नंदलालांना गांधीजींनी 1936 साली खानदेशात फैजपूरला बोलावले. काँग्रेसचे खेड्यातले ते पहिले अधिवेशन. तिथले मांडव आणि सजावट त्यांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून उभी केली. 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी ढोलवादक, सुतार, शिंपी रंगवले. कला रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसली पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह होता. मग रस्त्यावरच्या चित्राला आपण कमी कसे लेखायचे?

त्याच काळात बाजारात विकल्या जाणाऱ्या रंगीत छापील चित्रांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. त्यांतल्या काहींत गांधीजी आणि भगतसिंग एकाच चौकटीत येतात. ब्रिटिश सरकारने जप्त केलेल्या साहित्यात राष्ट्रीय पुढाऱ्यांची अशी कितीतरी चित्रे होती. पुढे पाठ्यपुस्तकांनी अहिंसक आणि क्रांतिकारक अशा दोन छावण्या पाडल्या; चित्रे विकत घेणाऱ्यांच्या भिंतीवर मात्र दोघे शेजारी होते. लोकांच्या मनातला इतिहास या चित्रकारांनी पंडितांच्या आधी नोंदवला. जानेवारी 1948 नंतर मात्र बापू स्वर्गाला निघालेल्या चित्रांची लाट आली. त्यांच्यावरचा देवत्वाचा आक्षेप मला मान्य आहे. त्या चित्रांत गांधीजी कुणाशी भांडत नाहीत, कुणाला काही मागत नाहीत.

माझी कसोटी एवढीच: चित्रातले गांधीजी काही करत आहेत की नुसते बसवले आहेत?

या कसोटीवर सर्वांत उणी ठरते ती सरकारी प्रतिमा. 1996 पासूनच्या नोटांवरचा चेहरा 1946 च्या एका छायाचित्रातून घेतला आहे. मूळ छायाचित्रात गांधीजींच्या शेजारी ब्रिटिश भारतमंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स उभे आहेत. सत्तांतराच्या वाटाघाटींचे ते वर्ष. शेजारचा माणूस कापून टाकला आणि उरले एक हसू, ज्याला प्रसंग नाही. उलट संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीत, नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांनी सजवलेल्या पानांवर, गांधीजी दांडीला निघालेले आहेत आणि नोआखालीत फिरत आहेत.

आता चित्रपट. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 1982 च्या ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाली, त्यांतले वेशभूषेचे, जॉन मोलो यांच्यासह, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे. चित्रपटाची भव्यता कुणी नाकारणार नाही. पण त्यात बाबासाहेब आंबेडकर नाहीत. 1932 चा पुणे करार नसलेले गांधीचरित्र अर्धे आहे, आणि हा दोष गांधीगिरीच्या हलकेपणापेक्षा कितीतरी जड आहे. तरी अभिजनांच्या तक्रारीत तो क्वचितच येतो.

‘मुन्नाभाई’ (2006) मात्र झोडपला जातो. त्यात तुरुंग नाही, मीठ नाही, समोर सरकार नाही. फुले पाठवणे म्हणजे सत्याग्रह नव्हे. हे सगळे बरोबर आहे. पण दिलीप प्रभावळकरांचे गांधीजी तिथे सतत काही करायला सांगतात. त्याहून महत्त्वाचे, मुन्ना ग्रंथालयात बसून वाचतो त्यानंतरच ते त्याला दिसू लागतात आणि मुन्नाला जे ठाऊक नाही ते त्यांनाही सांगता येत नाही. आपल्याला दिसणारा गांधी आपल्या वाचनाएवढाच असतो, हे त्या चित्रपटाने उघड कबूल केले. पुतळे पाडा, तसबिरी उतरवा, असे तर त्यातले गांधीजीच सांगतात.

आणि ॲटनबरोंनी सोडलेली जागा भरली ती एका मराठी दिग्दर्शकाने. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये मोहन गोखले यांनी गांधीजी उभे केले, ते प्रतिपक्षाच्या नजरेतून, पुणे कराराच्या ताणात. तिथे गांधीजींना उत्तरे द्यावी लागतात. गांधीजींच्या पडद्यावरच्या प्रतिमांची यादी करताना हा चित्रपट आंबेडकरांच्या खात्यात टाकून मोकळे होणाऱ्यांनी तो गांधीजींचा चित्रपट म्हणूनही पुन्हा पाहावा.